परदेशात घातलेली अढी

दसरा उलटला की दौलताबादच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी सीताफळाच्या पाट्या लागतात. किल्ला बघायला आलेले लोक गाडीची काच खाली करून भाव विचारतात, अंगठ्यानं फळ दाबतात आणि आम्ही ओरडतो, दाबू नका. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हेच ओरडते आहे. डोंगराच्या पायथ्याला आमची बाग आहे, आमची आणि दिराची मिळून. बाग म्हणायचं म्हणून म्हणायचं. निम्मी झाडं लावलेली, निम्मी आपोआप आलेली. हंगाम दीड-दोन महिन्यांचा. तेवढ्या दिवसांत आमच्या घरात कुणी आजारी पडत नाही, कुणी माहेरी जात नाही आणि कुणी कुणाशी धड बोलत नाही.

एका साली मात्र हंगाम ऐन भरात असताना मी इथं नव्हते. पोर्तुगाल नावाच्या देशात, एका नदीकाठच्या गावात, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेली होते. शिवणटिपण नाही, निवडणं-टिपणं नाही, नुसती बसलेली. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. दर साली पाट्या लागल्या की मला ते बसणं आठवतं आणि दोन-चार दिवस माझं इथल्या कशात लक्ष लागत नाही. सून म्हणते, आत्याबाईंना पित्त झालंय. मी तिला पित्तच म्हणू देते.

धाकटी लेक सुनंदा तिकडं राहते. जावई संगणकाच्या कामात, तीही नोकरी करते. बोलावणं तिचंच होतं. तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो, पोळा झाल्यावर या, दिवाळी इथं करा आणि मग जा. मी म्हटलं, हंगाम सोडून कसं यायचं. ती फोनवर म्हणाली, "आई, इतके हंगाम केलेस. एक नाही केलास तर किल्ला पडणार आहे का?"

मालक, म्हणजे आमचे हे, ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "चल की. बघू तरी एकदा."

माझी धाकटी जाऊ कमल चुलीपाशी होती. ती म्हणाली, "जा आक्का, बिनघोर जा. मी हाय की."

मला त्या 'मी हाय की'चा राग आला होता. पण तेव्हा मी तो गिळला.

पासपोर्टच्या फोटोसाठी आम्ही औरंगपुऱ्यात गेलो. फोटोवाल्यानं मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "अम्मा, कान दिखना होना. पदर पीछे लेव." मी पदर कानामागं सारला. मालक म्हणाले, "कान दिसले तरी ऐकायची थोडीच हाय ती." फोटोवाला हसला आणि वर मलाच म्हणाला, "तुम मत हसो अम्मा, हसे तो फोटो वापस आता." मी हसतच नव्हते. फॉर्मात शिक्षण विचारलं होतं, तिथं चौथी लिहिलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा गावात मराठी शाळा नवी नवी होती, मास्तर एक आणि वर्ग चार. पुढची शाळा लांब होती, आणि लांबच्या शाळेत मुली घालत नसत. तर चौथीवर विमानात बसू देतात, एवढी माहिती मला त्या निमित्तानं झाली.

त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. नाकातून म्हणावं लागतं. दगडी पूल, खाली संथ नदी, चढावर घरं आणि घरांच्या भिंतींना निळ्या नक्षीच्या फरश्या. आपण फरशी पायाखाली घालतो, त्यांनी अंगावर चढवलेली. मालकांनी पहिल्याच दिवशी गावाकडं बघून सांगितलं, "गोव्यात बसले होते ते हेच लोक. आपल्याला निजामाच्या हातून सोडवलं, गोव्याला यांच्या हातून." आणि त्याच लोकांनी पुढच्या आठवड्यात त्यांना चौकातल्या बाकावर जागा करून दिली.

पहिला आठवडा मला आजारपणासारखा गेला. साडेचारला डोळा उघडायचा. उठून करायचं काय? झाडायला अंगण नाही, भरायला पाणी नाही, धारा काढायच्या नाहीत. कपडे यंत्र धुणार. मी घासलेली भांडी परत घासली. सुनंदा उठून आली आणि म्हणाली, "आई, तू सुट्टीवर आलीयस. बस." सुट्टी मला माहीत होती ती शाळेतली. ती पोरांना मिळते आणि तेवढे दिवस आयांचं काम वाढतं.

मग हळूहळू माझं शरीर ढिलं पडत गेलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. सकाळी सहापर्यंत झोप लागू लागली. सुनंदा आणि जावई कामाला गेले की आम्ही दोघं उतारानं नदीकडं निघायचो. वाटेत पावाचं दुकान होतं. पावाला ते पावच म्हणतात आणि बटाट्याला बटाटा, त्यामुळं मी आपलं माणूस भेटल्यासारखी त्या दुकानात शिरायची. दहा मिनिटांची वाट, आम्हाला तासभर लागायचा. मालक प्रत्येक कुंपणापाशी थांबून झाड बघायचे. इथं बाजारात ते माझ्या वीस पावलं पुढं चालायचे. तिथं रस्ता माहीत नसल्यामुळं माझ्या बरोबरीनं चालले, आणि नंतर रस्ता माहीत झाला तरी तसेच चालत राहिले.

दुपारचा एक वाजला की दुकानदार दुकानाला कुलूप लावून जेवायला घरी. मालकांना हे बघवत नव्हतं. "गिऱ्हाईक दारात उभं हाय आणि ह्यो कुलूप लावतोय," असं ते चार-पाच दिवस म्हणाले. सहाव्या दिवसापासून एक वाजला की तेही उठून घरी यायला लागले. आम्ही भाकरी खायचो. ज्वारीचं पीठ मी नेलं होतं. मग खिडकीच्या लाकडी झापा अर्ध्या ओढून आडवं व्हायचं. फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडायच्या, भिंतीवरून खाली सरकत सरकत पलंगावर यायच्या. बाळंतपणं सोडली तर दिवसाउजेडी मी कधी अंथरुणाला पाठ लावली नव्हती. तिथं लावली. मालक शेजारी घोरायचे आणि मी त्या पट्ट्या बघत पडायची. कुठूनही कुणी हाक मारणार नाही, हे अंगात मुरायला मला तीन आठवडे लागले.

मालकांचं वेगळंच चाललं होतं. चौकात मोठ्या झाडांखाली म्हातारे पत्ते खेळत बसत. एक कॉफी, बोटाएवढ्या कपात, आणि तिच्यावर सगळी सकाळ. मालक आधी उभं राहून बघायचे, मग बसून बघायचे. एक दिवस एका टोपीवाल्या म्हाताऱ्यानं त्यांच्यापुढं पानं टाकली. घरी आले ते हातपाय न धुताच बोलायला लागले. "आपला मेंढीकोटच हाय अगं. फक्त अठ्ठ्या, नव्व्या, दश्श्या काढून टाकल्यात आणि सत्तीला लई मान हाय." चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी जेवढं बोलला नव्हता, तेवढं त्या पत्त्यांवर बोलला. कोण कसा पान लपवतो, टोपीवाला हरला की खोकतो कसा. ऐकताना मी भाकरी थापत असायची. एकदा भाकरी करपली, तरी ते बोलतच होते आणि मी ऐकतच होते.

शेजारी मारिया राहायची. माझ्याच वयाची, विधवा, काळे कपडे, पायात जाड मोजे. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. भांडण नसलं की भाषेवाचून फार अडत नाही. तिच्या परसात एक बुटकं झाड होतं. दसऱ्याच्या आधी तिनं मला त्याची टोपलीभर फळं आणून दिली. पिवळी, हाताएवढी, अंगावर बारीक लव. मार्मेलो म्हणतात. दाबून बघितलं तर दगड. मी मनात म्हटलं, कच्ची तोडली बाईनं. हिला कळत नाही, पण मला कळतं.

आमच्याकडं सीताफळ झाडावर पिकू देत नाहीत. डोळे उघडले, मधल्या रेघा पिवळट पडल्या की तोडायचं आणि गवताच्या थरात झाकून ठेवायचं. त्याला अढी घालणं म्हणतात. तीन-चार दिवसांत फळ मऊ होतं. त्यात आमच्या घराची एक रीत आहे. ज्या हातानं अढी घातली त्याच हातानं ती उघडायची. मधे दुसऱ्यानं उचकटायची नाही. सासूबाई म्हणायच्या, परका हात लागला की फळ दचकतं. फळ काही दचकत नसतं. पण चार जणांनी उघडझाप केली तर ऊब जाते, एवढं खरं. म्हणून अढी घालणारी बाई ती उघडेपर्यंत गाव सोडत नाही. सख्ख्या भावाच्या साखरपुड्याला मी अढीपायी गेले नव्हते.

तर मी नदीकाठचं वाळकं गवत आणलं, एका खोक्यात थर दिले आणि मारियाची फळं अढीत घालून खोकं पलंगाखाली सारलं. मालक दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "झ्याक. आता बघू किती दिवस घेतात."

तीन दिवस झाले, चार झाले. फळं तशीच. वास मात्र सुटला. असा वास मी आधी कधी घेतला नव्हता आणि नंतरही घेतला नाही. पेरूचा थोडा, गुलाबाचा थोडा, आणि थोडा नव्या कापडाचा. दुपारी झापा ओढून पडलं की वास पलंगाखालून वर यायचा आणि उन्हाच्या पट्ट्यांबरोबर खोलीभर सरकायचा. मला आठवते ती वेळ हीच. मला तो देश नको. नकाशात दाखवा म्हटलं तर दाखवता यायचा नाही. मला त्या खोलीतली दुपारची दोन ते चारची वेळ पाहिजे.

दसऱ्याच्या दिवशी इथून फोन आला. कमल बोलत होती. "आक्का, लई झ्याक हंगाम लागलाय औंदा. अढ्या मीच घालतेय. काय काळजी करू नका. समदं बरं चाललंय. तुमी निवांत या, दिवाळी करूनच या."

फोन ठेवला आणि मी मालकांना म्हटलं, "चला. घरी जाऊ."

ते म्हणाले, "का? काय झालं?"

"हंगाम हाय. तिला एकटीला झेपायचं नाही."

"झेपतंय म्हणतीय की."

"म्हणायला काय जातं."

मालक पलंगाखालच्या खोक्याकडं बोट करून म्हणाले, "आता अढी घातलीस तर ती उघडून जाऊ. अशीच टाकून कशी जाणार तू? फळं पिकू दे, मग सुनंदाला तिकीट बदलायला सांगू."

हे बरोबरच होतं. घातलेली अढी टाकून मी कधी उठले नव्हते. मी थांबले.

रोज सकाळी मी खोकं ओढायची, एकेक फळ अंगठ्यानं दाबायची आणि परत झाकायची. मालक चौकातून आले की पहिला प्रश्न तोच. "बघितलं का दाबून?" मी म्हणायची, बघितलं, नाही अजून. ते म्हणायचे, "हवा थंड हाय इथली, वेळ लागायचाच," आणि हातपाय धुवायला जायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नसायची, पण मी फळाकडं बघत होते, चेहऱ्याकडं नाही. मी गवत बदललं. खोकं उन्हाच्या बाजूला सरकवलं. वरून सुनंदाची जुनी शाल घातली. दहा दिवस झाले, बारा झाले. फळ तसूभरही दबायला तयार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या बारा दिवसांइतके चांगले दिवस मला आधीच्या महिन्यातही मिळाले नव्हते. घरी जायचं ठरलेलं, आणि जायचं मात्र नाही. मन एकीकडं निघालेलं आणि पाठ पलंगावर.

शनिवारी मारिया टोपली परत न्यायला आली. सुनंदा घरात होती. मारियाला वास आला, ती सरळ खोलीत शिरली, वाकली आणि शाल उचलून बघितली. आधी तिला समजेना. मग समजलं, आणि ती पलंगावर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं हातानं करून दाखवलं. सुरी, पातेलं, साखर, ढवळणं. मग दात दाखवून मान हलवली. सुनंदा म्हणाली, "आई, हे फळ कधीच मऊ पडत नाही. ठेवून पिकत नाही हे. शिजवूनच खातात."

एवढ्यात मालक चौकातून आले. मारियानं त्यांच्याकडं बोट दाखवलं आणि भरभर काहीतरी बोलली. सुनंदाला हसू आवरेना. "ती म्हणतेय, बाबांना तर ठाऊक होतं. चौकात बाबांनी एक कच्चंच चावून बघितलं होतं म्हणे, सगळे हसले होते. तेव्हाच सांगितलं त्यांना."

"कधी?" मी विचारलं.

सुनंदानं मारियाला विचारून सांगितलं, "फळं दिली त्याच आठवड्यात."

मी मालकांकडं बघितलं. "तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाई?"

"तू म्हणलीस, फळं पिकल्यावर जाऊ."

"मी न्हाई, तुमी म्हणलात."

"तेच की," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडं न बघता, "अजून एक म्हैना ऱ्हाऊ की गं. काय बिघडतंय?"

सगळ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं मला हे एकच आठवतं. चहा, जेवण, धुतलेलं धोतर, ती मागणी नव्हे. ते त्यांना मिळायचंच.

मी नाही म्हटलं. मारियासमोर, लेकीसमोर मला वेड्यात काढलं, याचा मला संताप आला होता. फळातलं मला कळत नाही असं जन्मात कुणी म्हटलं नव्हतं, आणि हा माणूस बारा दिवस रोज येऊन विचारत होता, बघितलं का दाबून. मी सुनंदाला म्हटलं, आजच्या आज तिकीट बदल. ती रडवेली झाली. म्हणाली, आई, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलीय, मी पणत्या आणून ठेवल्यात. मी म्हटलं, लाव तू पणत्या.

बुधवारी निघालो. गाडी चौकावरून गेली. बाकावर तिघं बसलेले होते, पुढ्यात पत्ते होते, आणि चौथ्याची जागा मोकळी. टोपीवाल्यानं गाडीकडं बघितलं. हात केला नाही. मालकांनीही केला नाही.

इथं पोचले तर मला करायला काहीच शिल्लक नव्हतं. हे मला स्पष्टच लिहिलं पाहिजे. कमलनं सगळं नीट लावलं होतं. पाट्या स्वच्छ, अढ्या एका ओळीत, आकाराप्रमाणं फळं वेगळी. मी गवताचा थर चाचपून म्हटलं, "थर पातळ झालाय."

ती म्हणाली, "असल आक्का. पर औंदा सडलं कमीच."

शहागंजचा फळांचा व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. वीस वर्षांची ओळख. तो म्हणाला, "आक्का, इत्ते जल्दी कैसे आए? फलां तो यहींच थे, भागते थोडीच."

मी म्हटलं, "ह्यांना तिकडं करमेना."

मालक शेजारीच उभे होते. त्यांनी पाटी उचलली आणि टेम्पोत ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात आणि भावकीत हेच चालत आलं. म्हातारीला राहायचं होतं, म्हाताऱ्याला करमलं नाही. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, पुरुषांचं असंच असतं. मी हो म्हणायची.

खरं काय ते मला फोन ठेवला त्याच घटकेला ठाऊक होतं. घरून रडका फोन आला असता, अढी सडली, माणसं मिळेनात, असा, तर मी कदाचित राहिले असते. म्हटलं असतं, भोगू दे. पण सगळं बरं चाललंय म्हटल्यावर मला तिथं बसवेना. माझ्यावाचून हंगाम होतो, तर मग मी इतकी वर्षं भावाचा साखरपुडा सोडून काय करत होते? हे मला परत येऊन खोडून काढायचं होतं. ते खोडता आलं नाही. उलट महिना गेला.

त्या गेलेल्या महिन्यात काय काय झालं असतं, हे मी सुनंदाला फोनवर अधूनमधून विचारते, दुसरंच काही विचारत असल्यासारखं. ती सांगते, नदीवर धुकं येतं, पूल अर्धा दिसतो अर्धा नाही. रस्त्याच्या कडेला गाडे लागतात, त्यावर एक प्रकारची फळं निखाऱ्यांत भाजून कागदात देतात, गरम गरम, सोलून खायची. थंडी पडली की पत्त्यांचा डाव बाकावरून उठून कॉफीच्या दुकानात जातो. मारियाबद्दल विचारलं तर म्हणाली, ती वारली, आई, मागंच वारली, सांगितलं होतं तुला. सांगितलं असेल. मी डोळ्यांपुढं आणते तेव्हा ती पलंगावर बसून हसत असते. त्या फळांची तिनं माझ्यासमोर वडी केली होती, निघायच्या आदल्या दिवशी. पिवळी फळं शिजता शिजता लाल झाली. मी रागात होते, मी खाल्ली नाही. चव कशी असते ते मला माहीत नाही.

त्यानंतर आम्ही परत गेलो नाही. दर साली सुनंदा म्हणायची, या. आधी नातवंडं आली, मग कमलचा पाय मोडला, मग रोगाची साथ आली. मालक दर साली म्हणायचे, "फुडच्या साली बघू." गेल्या दोन वर्षांपासून डॉक्टरांनी त्यांना विमानात बसायला मनाई केली आहे. छातीचं दुखणं आहे. आता ते फुडच्या साली म्हणत नाहीत. चालणं ओट्यापासून अंगणातल्या लिंबापर्यंत. कानांनी कमी ऐकू येतं. पत्ते इथं त्यांनी पुन्हा हातात धरले नाहीत. मी एकदा नातवाकडून कॅट मागवून दिला होता. तो कपाटावर पडून आहे.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन आला, तोंड दिसणारा. सुनेनं फोन भिंतीला टेकवून ठेवला. सुनंदा म्हणाली, "आई, तू तरी ये. एकटी ये. बाबांना वहिनी बघतील."

सून फोनात वाकून म्हणाली, "आत्याबाई जातील हो. मामांनाच तिकडं करमत न्हाई ना."

मी म्हटलं, "करमलं होतं त्यांना. मीच उठवून आणलं."

सून माझ्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांनी बोलले तर वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. मालकांना ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. ते फोनाकडं मान पुढं काढून म्हणाले, "काय म्हणतीय ती? आवाज वाढीव."

सुनंदाला मी सांगितलं, येत नाही. एकटीनं जाऊन मी काय बघू? दुपारी झापा ओढून पडेन, उन्हाच्या पट्ट्या येतील, वासही मिळेल एखादे वेळी. पण फळ दाबून बघितलं का, असं विचारणारं कुणी लागतं.

हे मला फार उशिरा सुचलं, असं कुणी म्हणेल. सुचलं तेव्हाच होतं. कबूल करायला उशीर झाला.

आज सकाळी टेम्पो आला. आता त्या व्यापाऱ्याचा मुलगा येतो. फाटकापाशी गडबड सुरू झाली, पाट्या निघाल्या, पोरं धावायला लागली. मालक ओट्यावर पाय पसरून उन्हात बसले होते. मी हातातला विळा कोपऱ्यात ठेवला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. सुनेनं हाक मारली, "आत्याबाई, टेम्पो आलाय." मी म्हटलं, "दिसतंय मला." थोड्या वेळानं तिनं परत हाक मारली. फाटकापाशी एक पाटी कलंडली, दोन-चार फळं मातीत गेली. मला ते दिसलं. माझे गुडघे उठायला आपोआप वळले, मी ते तसेच दाबून धरले.

मालकांनी माझ्याकडं मान वळवून बघितलं. टेम्पोकडं बघितलं, परत माझ्याकडं.

"बरं न्हाई का तुला?"

"बरं हाय."

"मग हितं काय करतीस?"

"काय न्हाई. बसलेय."

ते विचारात पडले. हंगामात मला दिवसा बसलेलं त्यांनी इथं कधी बघितलं नव्हतं. मग कोपरानं मला ढोसलं.

"मग जरा सरक की. ऊन अडवतीस."

मी सरकले. उठले नाही.